दोन इंच कोणाच्या नावे?

बँकेत तेवीस वर्षं काढली की माणसाला दोन गोष्टी जडतात. एक पाठदुखी आणि दुसरी, कुठेही काहीही जमा झालेलं दिसलं की ‘मग हे नावे कोणाच्या पडलं?’ असं विचारण्याची खोड. पाठदुखीवर तेल आहे. खोडीवर औषध निघालेलं नाही. लग्नात नवरदेवाला सोन्याची साखळी घालतात तेव्हा बाकीची मंडळी टाळ्या वाजवतात आणि मी वधूपित्याच्या चेहऱ्यावर समोरची नोंद शोधत असतो. यात माझा काही दोष नाही. लुका पाचोली नावाच्या एका इटालियन साधूनं १४९४ साली व्हेनिसमध्ये द्विनोंदी पद्धत पुस्तकात छापली. व्यापारी लोक ती आधीपासून वापरतच होते. पण गोष्ट एकदा पुस्तकात गेली की ती परीक्षेला येते, आणि परीक्षेला आली की बी.कॉम.च्या पोराच्या मानगुटीवर जन्मभर बसते.

आता अशा माणसानं मोटारीच्या भानगडीत पडू नये. पण माझा पुतण्या पडला आणि त्यानं मला खुर्ची देऊन शेजारी बसवलं.

आम्ही नाशिकची माणसं. थार ही गाडी इथल्याच कारखान्यात तयार होते, त्यामुळे नाशिककराला तिच्याबद्दल शेजारच्या घरात जन्मलेल्या मुलीइतकी आपुलकी असते. ती दुसऱ्या गावी दिली तरी ‘आमचीच हो’ म्हणायची सोय. पुतण्यानं २०२० नंतरची, म्हणजे नव्या रूपातली थार घेतली. कर्जाचे कागद मीच भरून दिले, तेव्हा गाडीच्या चारही चाकांशी माझी तोंडओळख होती. शोरूममधून आणली तेव्हा ती मला एकदम छान वाटली होती. पुतण्याला मात्र ती पुढून किंचित वाकल्यासारखी वाटायची. ‘काका, नाक खाली आहे,’ तो म्हणायचा. वास्तविक बहुतेक गाड्या मागून थोड्या उंच ठेवलेल्या असतात, मागे माणसं आणि सामान बसलं की त्या सपाट व्हाव्यात म्हणून. पण मागे सामान नाही, माणसं नाहीत, एकटा हा पुढे बसलेला. तेव्हा नाक त्याला दिसायचंच. शिवाय दर रविवारी हा आणि त्याचे चार मित्र त्र्यंबकच्या पुढे डोंगरात जाऊन, रस्ता सोडून, गाड्या दगडांवर चढवतात. रस्ता असताना तो सोडून जाण्याला पूर्वी चुकणं म्हणत. आता ऑफरोडिंग म्हणतात, आणि त्याला जास्त पैसे लागतात.

तर ठरलं असं, की पुढची मूळची स्प्रिंग आणि शॉकअब काढायचे आणि बाहेरून मागवलेले, उंची कमीजास्त करता येणारे बसवायचे. गाडी पुढून दोन इंच वर.

जुन्या जीपला हे लाड नव्हते. तिला पुढेमागे पाट्यांच्या कमानी असत, एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याची पोच ती बसणाऱ्याच्या मणक्याला जागच्या जागी देत असे. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप कलायचं, कारण दोघं एकाच दांड्याला बांधलेली. जुन्या जोडप्यांसारखं. नव्या थारला पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र. प्रत्येक चाकाला वर एक आर्म, खाली एक आर्म, मध्ये उभी स्प्रिंग आणि तिच्या पोटात शॉकअब. स्प्रिंग धक्का झेलते, शॉकअब स्प्रिंगला नाचत राहू देत नाही. धक्का खाणारा एक आणि ‘बास आता’ म्हणणारा दुसरा, अशी ही जोडी असते. आमच्या शाखेत या दोन जागा रोखपाल आणि मॅनेजर भरतात.

गॅरेजचा उस्ताद मोठा शांत माणूस. त्यानं आधी काही सोडलं नाही. टेप घेतली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर डावीउजवीकडे मोजून भिंतीवर खडूनं लिहिलं. सुरुवातीची शिल्लक आधी लिहून घेणारा कारागीर मला तिथंच आवडला. मग गाडी जॅकवर, खाली घोडे, चाकं बाहेर, एकेक नट मोकळा. स्प्रिंग शॉकअबपासून वेगळी करायची म्हणजे ती शिकंजात धरून आधी दाबावी लागते. त्या वेळी उस्तादनं पोऱ्याला बाजूला केलं, मलाही खुर्चीसकट मागे सरकवलं. ‘साहेब, ही सुटली तर माणसाला सोडत नाही.’ दाबून ठेवलेल्या वस्तूंबद्दलचा हा आदर मी आमच्या वरिष्ठांत फार शोधला.

नव्या शॉकअबच्या अंगावर आटे असतात आणि आट्यांवर एक जाड कडं. कडं फिरवलं की स्प्रिंगची बैठक सरकते. पुतण्या म्हणाला, ‘आणखी चार फेरे द्या, म्हणजे स्प्रिंग कडक होईल.’ उस्ताद हसला. कडं फिरवून स्प्रिंग कडक होत नाही, हे मला त्या दिवशी समजलं आणि फार बरं वाटलं. रॉबर्ट हूक म्हणून एक इंग्रज शास्त्रज्ञ. जितका भार तितकीच स्प्रिंग दबते, हा नियम त्याला सापडला. पण चोरी होईल या भीतीनं त्यानं १६७६ साली तो अक्षरांची उलथापालथ करून छापला आणि दोन वर्षांनी त्याची उकल सांगितली. पासवर्डची कल्पना काही आमच्या संगणक विभागाची नव्हे. तर त्या नियमानं, गाडीचं वजन तेवढंच राहिलं तर स्प्रिंग शेवटी तेवढीच दबणार. कडं फिरवून तुम्ही फक्त ती कुठून दबायला सुरुवात करते ते बदलता. गाडी वर उचलली जाते, स्प्रिंगचा स्वभाव होता तोच राहतो. वर चाकाला खाली लोंबायला पूर्वी जी जागा होती ती कमी होते, म्हणजे खड्ड्यात पाय सोडायची सोय गेली. मुलांना तिसरीपासून तीन-तीन क्लास लावून ‘तयार’ करणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या पालकांना मी हे सांगून पाहिलं. त्यांनी मला हूक कुठल्या क्लासला शिकवतो ते विचारलं.

आणखी एक गंमत. स्प्रिंग चाकाच्या डोक्यावर नसते. ती खालच्या आर्मवर, चाकापासून बरीच आत बसते. त्यामुळे वर अर्धा इंच सरकवलं की चाकाशी ते जवळपास दुप्पट होऊन निघतं. गाडीगणिक थोडा फरक, पण थोडं टाका आणि पुष्कळ घ्या, असा हा व्यवहार. पुतण्याचे डोळे चमकले. माझे नाही चमकले. दाम दुप्पट योजना आली की आमच्या काउंटरवर पुढे काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

सगळं जुळलं, तरी उस्ताद आर्मचे मोठे बोल्ट शेवटचे आवळेना. पुतण्या घाई करत होता. उस्ताद म्हणाला, ‘आधी गाडी खाली उतरू दे. पायावर उभी राहू दे. मग आवळायचं.’ कारण आर्मच्या टोकाशी रबराचे बुश असतात. चाक अधांतरी लोंबत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या लोंबत्या अवस्थेतच पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्या महिन्यांत फाटतं. भार अंगावर आल्यावर काय ते पक्कं करायचं. साखरपुड्याच्या मांडवात दिलेली वचनं का फाटतात, यावर इतकं स्वच्छ स्पष्टीकरण मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

गाडी खाली आली. खडूच्या आकड्याशी ताळा केला: दोन इंच जमा. पुतण्यानं फोटो काढले. आणि मी माझ्या खोडीप्रमाणे समोरची बाजू शोधू लागलो.

ती शोधायला फार लांब जावं लागलं नाही. अलाइनमेंटच्या दुकानात यंत्रावर एकामागून एक लाल आकडे आले. दिवसअखेर हिशेब जुळला नाही की आमचा पडदा असाच दिसतो. गाडी वर गेली की आर्म तिरके खाली झुकतात. चाकाची उभी रेषा कलते, पंजे आतबाहेर होतात, आणि चाक ज्या तिरक्या आसाभोवती वळतं त्याचा कल कमी होतो. त्या कलाला कास्टर म्हणतात. सायकलचा पुढचा दांडा तिरका असतो म्हणून हात सोडले तरी हँडल सरळ राहतं, ती ही करामत. कास्टर कमी झाला की वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून परतत नाही. त्याला हात धरून घरी आणावं लागतं. यावर उपाय म्हणजे वरचे आर्म नवे, वेगळ्या मापाचे. म्हणजे आणखी पैसे. पुढच्या चाकांना ताकद पोचवणारे दांडे आता जास्त कोनात फिरणार, त्यांची रबरी बुटं लवकर झिजणार. ब्रेकच्या नळ्या पूर्ण लोंबताना ताणतात का ते पाहायचं. पुतण्यानं हे सगळं हसत सोसलं, कारण नोंदी त्याच्याच खात्यात पडत होत्या. पैसा त्याचा, झीज त्याच्या गाडीची. स्वतःच्या खात्यातून काढून स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात भरणाऱ्याला आम्ही अडवत नाही. फार तर स्लिप भरून घेतो.

पण एक नोंद अशी होती की तिच्यावर त्याची सही चालणार नव्हती.

मी स्कूटर चालवतो. रात्री त्र्यंबक रोडनं येताना समोरून उंच गाडी आली की मला रस्ता, खड्डा, कुत्रा, देव, काहीच दिसत नाही. नुसता पांढरा उजेड दिसतो, जो साधूंना फार तपश्चर्येनंतर दिसतो म्हणतात. म्हणून मी कागद घेतला. थारच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४५० मिलिमीटर. पुढून उचललं ५०. म्हणजे दोन टक्के. दोन टक्के हा आकडा बँकेत हसण्यावारी नेतात. पण दिव्याचा झोत दोन टक्क्यांनी वर झाला की दहा मीटरवर २० सेंटिमीटर, पंचवीस मीटरवर अर्धा मीटर, पन्नास मीटरवर पुरा एक मीटर. लांब पल्ल्याच्या ठेवीसारखा हा वाढत जातो. मंद दिवा मुळात साधारण एक टक्का खाली झुकवलेला असतो, समोरच्याच्या डोळ्यांखाली राहावा म्हणून. खाली एक, वर दोन. म्हणजे आता तो एक टक्का वर. चाळीस मीटरवर बरोबर माझ्या चष्म्यावर. पाठीमागे बायको असली तर तिच्याही, आणि मध्ये कोणाचं पोर उभं असलं तर त्याच्या टाळूवरून आरपार.

आता पाहा, उंची घेतली पुतण्यानं. खर्ची पडले एका माणसाचे डोळे, ज्याला हा ओळखत नाही, ज्याला विचारलं नाही, आणि जो ‘माझ्या खात्यात हे काय पडलं?’ म्हणून तक्रार घेऊन काउंटरवर कधीच येणार नाही, कारण गाडी केव्हाच पुढे निघून गेलेली असते.

हे मी त्याला सांगितलं. मुलगा चांगला आहे, पण तरुण आहे. तरुण माणसाला आकडा दाखवला की तो तत्त्वज्ञान काढतो. म्हणाला, ‘काका, मग काय माणसानं कधी वर जायचंच नाही? प्रत्येक वर जाण्यात कोणाला ना कोणाला त्रास होणारच!’

प्रश्न खोटा नव्हता. मी दोन दिवस तो डोक्यात घेऊन काउंटरवर बसलो. आमच्या जुन्या गल्लीत दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो, जुना न खरवडता. रस्ता वर जातो, गुळगुळीत होतो, वाहनं खूश. आणि पावसाळ्यात पाणी, जे पूर्वी पायरीखालून जायचं, ते तळमजल्याच्या बिऱ्हाडात शिरतं. रस्त्याला कोणी वाईट म्हणत नाही. तळमजलेवाला स्वतःच्या नशिबाला म्हणतो. किंवा गाड्यांच्या पुढे लोक लोखंडी गार्ड लावत. गार्ड लावणाऱ्याची गाडी वाचते. धडक बसली तर ती सगळी समोरच्या पायी माणसाच्या नडग्यांवर जाते, आणि वेळप्रसंगी आतल्या माणसाची एअरबॅगसुद्धा गोंधळते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रालयानं राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करायला सांगितलं, तेव्हा ‘माझी गाडी, माझं लोखंड’ म्हणणारे पुष्कळ भेटले. लोखंड त्यांचं होतंच. नडगी कोणाची होती एवढाच मुद्दा.

कायद्याचंही पाहिलं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं की नोंदणीतले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी ठासून सांगितलं. पुतण्याचं म्हणणं, स्प्रिंगचा उल्लेख नोंदणीत कुठे आहे? यावर त्यानं वकिलाला विचारावं. मी कर्जविभागातला नाही की विधिविभागातला नाही. पण मला वाटतं कलम पुष्कळ असलं तरी पुरत नाही. कलम गाडीपुरतं आहे. खड्ड्यातून जाताना हादरा मला बसू नये, ही इच्छा काही गाडीपुरती नाही.

माझं स्वतःचं मत असं झालं आहे की वर जाण्यात पाप नाही. नाहीतर झाडांना शिक्षा द्यावी लागेल. लबाडी होते ती नोंदीत. जमा आपल्या खात्यात ठळक लिहायची आणि नावे दुसऱ्याच्या खात्यात, त्याच्या सहीशिवाय, बारीक पेन्सिलीनं. आणि सही मागायला माणूस समोर नसेल, रस्त्यावर तो नसतोच, तर ती रक्कम आपण आपल्या खात्यावर ओढून घ्यावी, एवढाच मार्ग राहतो.

पुतण्यानं ओढली. एका रात्री सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीसमोर दहा मीटरवर गाडी उभी केली, भिंतीवर चिकटपट्ट्या लावल्या, दिव्याच्या उंचीची एक आणि तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी, आणि दिव्यामागचा स्क्रू फिरवत झोताची कड खालच्या पट्टीवर आणली. वॉचमनला वाटलं सिनेमा दाखवणार आहेत. त्यानं दोन खुर्च्या आणल्या. खाली झुकवलेल्या दिव्यानं पुतण्याला लांबचं थोडं कमी दिसतं, वेग जरा कमी ठेवावा लागतो. पण ते पडलं त्याच्याच खात्यात.

इथं खतावणी बंद झाली असं आम्ही दोघंही समजलो होतो. आणि मग आईचं लक्षात आलं.

माझी आई चौऱ्याहत्तरची. थोरल्या भावाकडे असते, म्हणजे थार जिथं उभी राहते तिथंच. दर सोमवारी नातू तिला देवळात न्यायचा. हळूहळू ती नको म्हणू लागली. एकदा म्हणाली, ऊन आहे. एकदा म्हणाली, ‘देव काय, घरातही आहे.’ मला ही विधानं संशयास्पद वाटली. घरातल्या देवाबद्दल तिचं मत इतकं उदार कधीच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, ‘त्या गाडीत मला मळमळतं रे.’ मळमळण्याचा आणि स्प्रिंगचा संबंध लावता आला असता, पण मी पुन्हा कागद घेतला. चाकाशी दोन इंच म्हणजे पुढच्या दाराशी इंच-सव्वा इंच. गाडी मुळातच उंच. इतके दिवस ती एक हात दाराला, एक नातवाच्या खांद्याला देऊन, ‘हरी हरी’ म्हणत कशीबशी चढायची. गुडघ्याची शिल्लक इंचाइंचानं कमी होत असते, ते कोणाला कळत नाही. ज्या दिवशी शून्य होते त्या दिवशी चेक परत येतो. तो सव्वा इंच शेवटचा होता. आणि ती बोलली नाही, कारण नातवानं एवढ्या हौसेनं गाडी उंच केलेली. आपल्या खात्यात पडलेली रक्कम तिनं गुपचूप मळमळीच्या नावावर फिरवली. जन्मभर तिनं हिशेब असेच ठेवले आहेत. आमच्या फीचे पैसे कुठल्या खर्चातून निघाले ते आम्हाला अजून सापडलेलं नाही.

मी पुतण्याला नुसता कागद दिला. त्यानं वाचला आणि बराच वेळ चावीशी खेळत बसला. या खेपेला त्यानं तत्त्वज्ञान काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात दाराखाली पायरी बसली. मजबूत, खडबडीत, चांगली चार इंच खाली लोंबणारी. उस्तादनं ती बसवताना माझ्याकडे पाहिलं आणि मी उस्तादकडे. दोन इंच वर जाण्यासाठी दोन पगार गेले, आणि आता गाडीच्या कुशीला सगळ्यांत खाली जे लोंबतं ते ही पायरी. पहिल्याच रविवारी ती एका दगडावर टेकली, वाकली, आणि त्याचे चारही मित्र पोट धरून हसले.

आता पुतण्या शनिवारी रात्री बोल्ट सोडून ती पायरी काढतो आणि रविवारी डोंगरावरून आला की, कितीही दमलेला असला तरी, परत बसवतो. कारण सोमवार उजाडलेला असतो. मी एकदा त्याला म्हटलं, कायमचीच ठेव की. तर म्हणाला, ‘नको काका, बोल्ट आवळताना हाताला सवय राहते.’ आईची मळमळ थांबली आहे. पुढच्या सीटवर ती ऐटीत बसते, आणि त्या उंचीवरून तिला आता लोकांच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडचं दिसतं. मागच्या सोमवारी देवळातून आल्यावर तिनं कोपऱ्यावरच्या बंगल्यात किती पापड वाळत घातले होते, त्यातले उडदाचे किती, आणि राखायला कोणीच कसं नव्हतं, हे सगळं आम्हाला सांगितलं.